खोटं मेंढरू

रविवारी सकाळी कढीपत्ता तोडायला शांभवी गॅलरीत गेली आणि कुंडीत तिला चिकटा दिसला. वीतभर वाढलेला, शेंड्याला पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या पोटाचं एकच फूल घेऊन उभा. आधी तिला बरंच वाटलं. सारा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या बाईला ओळखीचं झाड दिसलं की कुणी माहेरचं भेटल्यासारखं होतं, मग ते तण का असेना. 'काय रे, तू इथं कसा?' असं ती मनातल्या मनात म्हणालीसुद्धा, आणि म्हणता म्हणता थांबली. प्रश्न थट्टेतला होता, पण त्याचं उत्तर तिला येत होतं. चिकट्याच्या बीला उडता येत नाही. सूर्यफुलाच्या कुळातली त्याची बाकीची भावंडं डोक्यावर केसांचा झुबका घेऊन वाऱ्यावर निघतात. पोरं त्याला म्हातारी म्हणतात आणि फुंकर मारून पळवतात. चिकट्याची बी मात्र काळी, सुईसारखी, टोकाला दोन-तीन दात आणि दातांना उलटे काटे. ती कुठं जात नाही, वाट बघत बसते. कुणाचं तरी शेपूट, कुणाचं तरी धोतर, कुणाच्या तरी साडीचा काठ जवळून जायची वाट. राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर शेपूट कुठलं? नवरा, संगमेश, तर बँकेतून थेट घरी येणारा माणूस. माळावर चला म्हटलं की आधी स्वतःच्या बुटांकडे बघणारा. घरात डोंगर तुडवणारं माणूस एकच होतं, आणि बी कसं जातं, कशानं जातं, कुठवर जातं ह्याच विषयावर त्या माणसाला डॉक्टरेट मिळाली होती.

मे महिन्यात कॉलेजातल्या कपाटाला वाळवी लागली म्हणून तिनं आतलं सामान घरी आणलं होतं. त्यात जुन्या प्रयोगातलं ते घोंगडं होतं. दिवसभर ते ह्या कठड्यावर उन्हात पडलं होतं, संध्याकाळी गुंडाळून माळ्यावर गेलं, आणि खाली ही कुंडी होती. घोंगड्यातून बी पडलं, पावसानं उगवलं. ह्यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण ते घोंगडं वापरलं होतं एकाच हंगामात, अठ्ठ्याण्णवच्या, आणि त्या हंगामात भैरीच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या त्या खडकाळ पठारावर, चिकट्याचं एक रोपटं नव्हतं. ही साक्ष दुसऱ्या कुणाची नव्हे, तिचीच होती. ह्या सड्यावर बाहेरचं तण अजून शिरलेलं नाही, असं तिनं त्या वर्षी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, दोन ठिकाणी भाषणातही सांगितलं होतं. मग घोंगड्यात चिकटा शिरला कुठं? तर खाली, रंकाळ्यापलीकडच्या माळावर. सड्यावर न्यायच्या आधी एकदा बघू तरी कसं ओढलं जातं, म्हणून तिथल्या रानात तिनं आणि विद्यार्थ्यांनी ते ओढून बघितलं होतं, आणि त्या माळावर चिकटा कमरेएवढा माजलेला होता. म्हणजे घोंगडं सड्यावर चढलं तेव्हा बी त्याच्या पोटात होतं. शांभवीनं हातातला कढीपत्ता कठड्यावर ठेवला. शेजारच्या घरातून रविवारच्या तांबड्या रश्श्याचा वास येत होता आणि आत संगमेश पेपरातलं काहीतरी मोठ्यानं वाचून दाखवत होता.

खोटं मेंढरू हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलेलं, कल्पना तिची. सड्यावर फुलणाऱ्या ह्या कुळातल्या झाडांपैकी कुणाचं बी वाऱ्यानं जातं आणि कुणाचं जनावराच्या अंगाला चिकटून जातं, हे तिला शोधायचं होतं. खऱ्या मेंढराला सरळ चालवता येत नाही आणि त्याच्या अंगावरची लोकर तपासायला बसलं तर ते बसू देत नाही. म्हणून तिनं घोंगडं घेतलं, त्याच सड्यावर चरणाऱ्या मेंढरांच्या लोकरीचं, सड्याखालच्या धनगरवाडीतल्या विठाबाईकडून. ते एका ओंडक्याला गुंडाळलं, दोन्ही टोकांना दोर बांधले आणि आखलेल्या ओळींवरून गवतातून ओढत नेलं. एका ओळीच्या शेवटी थांबायचं, लोकरीत अडकलेलं बी चिमट्यानं वेचायचं, पुढच्या ओळीला लागायचं. मुलं दमली की ओंडक्यावर बसून म्हणायची, "मॅडम, आमचं मेंढरू पाणी पिणार म्हणतंय." काय दिवस होते ते! दसरा होऊन गेलेला, सडा सोनकीनं पिवळाधमक, आणि मग एकेक फूल मिटून पांढरं व्हायचं, वारा आला की सगळा सडा म्हाताऱ्या सोडायचा. त्यातल्या कितीतरी दरीत जाऊन पडायच्या, खालच्या उसात, जिथं सोनकीला काही भवितव्य नाही. म्हणूनच की काय, सड्यावरच्या काही झाडांनी उडणंच सोडलं होतं. त्यांचं बी जाडजूड, बोडकं, आईच्या पायाशी पडायचं. वर वारा आहे म्हणून उडालंच पाहिजे असं नाही, उडालं की घर सुटतं, हे त्या झाडांना कळलं होतं. हे वाक्य ती वर्गात दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी कुणीतरी मुलगी ते वहीत उतरवून घ्यायची.

आणि ती काही गबाळी बाई नव्हती, हे तर सगळं कॉलेज सांगेल. सड्यावर चढायच्या आधी पायथ्याच्या वडाखाली ती मुलांना ओळीनं उभं करायची. मोजे काढा, उलटे करा, झटका. पँटच्या दुमडी सोडा. पिशव्यांचे तळ बघा. खालचं बी वर न्यायचं नाही, म्हणजे नाही. मुलं पाठीमागं तिला कस्टमची बाई म्हणायची ते तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. मग घोंगडं? सगळ्यांचे मोजे झटकणाऱ्या बाईनं घोंगडं का झटकलं नाही? विसरली म्हणावं तर तसंही नव्हतं. विसरायला आधी मनात यावं लागतं. माळावरून आल्यावर वरवरचं बी वेचून झालं तेव्हा एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, हे धुवायचं का?" आणि ती हसून म्हणाली होती, "घोंगडं कधी कुणी धुतं का रे?" गडहिंग्लजला माहेरी अव्वा, म्हणजे तिची आई, रोज पहाटे ओल्या लुगड्यानं स्वयंपाकघरात शिरायची, पोरींनी तिला हात लावायचा नाही, वाळत घातलेल्या कपड्यांना लावायचा नाही. पण कोपऱ्यातल्या कांबळ्याला कुणीही शिवावं. आप्पा पूजेला त्यावर बसायचे, पाव्हणे झोपायचे त्यावर, बाळंतिणीला तेच. ते कधी धुतलेलं शांभवीनं पाहिलं नव्हतं. लोकरीला विटाळ न्हाय, अव्वा म्हणायची. धुतलं तर उलट आखडतं, दणकट व्हायचं सोडून लाकूड होतं. शांभवीनं देवधर्म कधीच सोडला होता, सोवळ्याची तर ती टिंगल करायची, पण अव्वाची लोकर तिच्या डोक्यात तशीच्या तशी घडी घालून ठेवलेली होती. विज्ञान शिकलेल्या बाईच्या दृष्टीनं मोजे घाण होते आणि घोंगडं स्वच्छ होतं.

आत येऊन तिनं पोहे फोडणीला टाकले, कढीपत्त्याशिवाय. संगमेशनं विचारलं, "कढीपत्ता संपला का गं?" ती म्हणाली, "हो." एवढ्याशा गोष्टीला आपण खोटं बोललो ह्याची तिला लाज वाटली, आणि लगेच कळलं की ही लाज सोयीची आहे, कारण ती लहान आहे. मोठी मागं उभी होती. दोन हजार एक साली सड्यावर पहिल्यांदा चिकटा दिसला तेव्हा ती पाहायला गेली होती. दोन वर्षांत तो सोनकीच्या अंगावर चढला. आणि तो रांगेत उगवला होता. हे तिनं पाहिलं होतं. न पाहून कसं चालेल, एरवी कुठंही विस्कटून उगवणारं तण तिथं सरळ पट्ट्यांनी उभं होतं. बरोबरचा कुणीतरी म्हणालाही, "रांगेनं का हो उगवलंय?" त्यावर शांभवीनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, "मेंढरं एकामागं एक रांगेनंच चालतात ना." सगळे हो हो म्हणाले. मेंढरांबद्दल एवढं एक सगळ्या जगाला ठाऊक असतं. पण मेंढरं रांगेनं चालतात ती वाटेनं. चरताना ती पसरतात, आणि चरायला पसरलेली मेंढरं एकमेकांना समांतर, सारख्या अंतरावर, एकाच ठिकाणी थांबणाऱ्या ओळी कशाला आखतील? त्या ओळी सुतळीनं आखलेल्या होत्या. तिच्याच हातानं खुंट्या मारून. तिथं उभी असताना आपल्याला हे दिसलं नाही, की दिसलं आणि आपण ते पटकन मेंढरांच्या गळ्यात घातलं? तिला खरंच आठवेना. कढईत पोहे खाली लागले तेव्हा ती भानावर आली.

सड्याची राखण करायला नेमलेल्या समितीनं तिला तज्ज्ञ म्हणून विचारलं होतं, हे तण आलं कशानं. तिनं लेखी मत दिलं: मेंढ्यांच्या लोकरीतून. पुरावा काय, तर तिचाच प्रयोग, लोकरीला बी किती चिकटतं हे दाखवणारा. समितीतली माणसं वाईट नव्हती. त्यांना सडा वाचवायचा होता आणि कुणीतरी शिकलेल्या माणसानं कारण सांगितलं होतं. मेंढरांना सडा बंद झाला. विठाबाईच्या नवऱ्याचा, ज्ञानू धनगराचा, एकट्याचा कळप होता तिथं. पावसाळा सरला की त्याची मेंढरं वर चढायची ती शिमग्यापर्यंत वरच असायची. खाली सगळा ऊस. उसात मेंढरू कोण येऊ देतो? ज्ञानू त्या वेळी कोल्हापूरला तिच्या घरी आला होता. पायातल्या जाड वहाणा बाहेर काढून, सोफ्यावर न बसता दाराजवळ टेकून बसला होता. भांडायला आला असेल म्हणून शांभवीनं मनात सगळे मुद्दे जुळवून ठेवले होते. तो म्हणाला, "मॅडम, तुमी म्हणता तर आसंलच. पर आमच्या मेंढरानं झालं म्हंजे आमच्यानंच झालं की. आमास्नी कळलं न्हाय बगा." आणि तिनं, देवा, तिनं त्याला समजावलं होतं. असू दे, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, असं म्हणाली होती. चहा दिला होता. तो गेल्यावर संगमेशला म्हणाली होती, किती समजूतदार माणूस.

आता तिनं स्टुलावर चढून माळ्यावरून घोंगडं काढलं, खाली फरशीवर उलगडलं आणि गुडघ्यावर बसून बोटांनी चाचपलं. वरून काही दिसत नव्हतं. पण वीण विरळ करून बघितली तर आत, लोकरीच्या पिळात, काळ्या सुया आडव्या झोपलेल्या होत्या. वरचं वेचलं होतं, आतलं राहिलं होतं. सड्यावरच्या खडबडीत खडकावरून ओढताना तेच आतलं एकेक सुटत गेलं असणार, ओळीच्या ओळी पेरत. ती पेरणीच होती की. पाभर धरून शेतकरी ओळीनं पेरतो तसं तिनं चार मुलं हाताशी घेऊन सडा पेरला होता. संगमेश पेपर घेऊन दारात येऊन उभा राहिला. तिनं त्याला सांगितलं, सगळं, पोरकट घाईनं. त्यानं ऐकून घेतलं. तो चांगला माणूस होता, आणि चांगली माणसं घरातल्यांचं आधी बघतात. "आता ह्याला किती वर्षं झाली?" तो म्हणाला. "आणि खात्रीनं कोण सांगणार? मेंढरांनी पण आणलं असेल थोडं. तू लिहिलंस ते तत्त्व म्हणून चूक आहे का? लोकरीतूनच आलं ना?" हेच वाक्य गेला तासभर तिच्या मनात घोटाळत होतं, अगदी ह्याच शब्दांत, आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती लबाड होतं ते कळलं. लोकरीतूनच आलं. खरं आहे. ती उठली, साडी बदलली, आणि वाडीला जाऊन येते म्हणाली.

रंकाळा स्टँडवरून गाडी सुटली तेव्हा उन्हं वर आली होती. खिडकीजवळ बसून ती वाक्यं जुळवू लागली आणि एकही जुळेना. मधेच तिला शाळेतली कलावती आठवली, आणि तिनं डोळे मिटले. तिसरीत असताना बाईंनी विचारलं होतं, वर्गात उवा कुणी आणल्या? शांभवीनं शेजारच्या कलावतीकडे बोट केलं होतं. मुद्दाम नव्हे. तिला खरोखरच वाटलं होतं की त्या कलावतीच्याच असणार; कलावतीचे केस भुरे होते, तेल नसायचं, आणि शांभवीचे केस अव्वा रोज चापूनचोपून वेणीत घालायची. कलावतीला दाराशी बसवलं. त्याच दिवशी संध्याकाळी अव्वानं फणी फिरवली आणि पांढऱ्या कापडावर उवा टपटप पडल्या, चांगल्या पोसलेल्या, जुन्या. अव्वानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप बस. कुणाला सांगायचं न्हाय, तंगीलासुद्धा." तंगीला, म्हणजे धाकट्या बहिणीला, सांगायचं नाही हे शांभवीनं पाळलं, आणि कलावती किती दिवस दाराशी बसत होती ते तिनं कधी बघितलं नाही, कारण ती बघायचीच नाही त्या बाजूला. म्हणजे स्वच्छ माणसाला एक खोड असते: घाण दिसली की त्याला आधी दुसरा दिसतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं लोक म्हणतात, पण ते निदान झाकतात तरी. झाकायला आधी आपलं आपल्याला दिसावं लागतं. शांभवीला ते दिसलंच नव्हतं. ह्यात सुटका आहे की जास्त मोठी लाज, हे ठरवता ठरवता गाडी घाटाला लागली.

फाट्यावर उतरून वाडीपर्यंत ती चालत गेली. सडा डोक्यावर होता, ढगात अर्धा बुडालेला, पण तिनं मान वर केली नाही. ज्ञानूच्या घराशेजारी मेंढरांचा वाडा होता, काटेरी कुंपण घातलेला. त्यात आता भोपळ्याचा वेल पसरला होता. लेंड्यांच्या खतावर वेल असा फोफावला होता की पानाखाली जमीन दिसत नव्हती. कुत्रं भुंकलं, आतून विठाबाई आली, कपाळावर हात धरून बघत म्हणाली, "अगं बाई, मॅडम! या की, या. अवो, मॅडम आल्यात बगा." ज्ञानू घाईघाईनं मुंडासं गुंडाळत बाहेर आला. थकला होता. हातात काठी होती, पण ती कशासाठी होती कोण जाणे, हाकायला काही उरलं नव्हतं. "मेंढरं?" शांभवीनं विचारलं. तिला ऐकून माहीत होतं, तरी विचारलं. "इकली न्हवं का," तो म्हणाला, "हातकणंगल्याकडच्या पाव्हण्यांनी नेली. दोन बकरी ठेवल्यात, दुधाला. आता जातो कुणाच्या तरी उसात तण भांगलायला. बसा की तुमी, उभ्या का?"

ती घोंगडीवर बसली. दुसरं काही बसायला नव्हतंच. विठाबाई चुलीकडे वळली. शांभवीनं पाणी पिऊन घेतलं आणि मग, गाडीत जुळवलेलं एकही वाक्य न वापरता, ती म्हणाली, "ज्ञानूबा, ते तण तुमच्या मेंढरांनी आणलं नाही. मी आणलं." तिनं घोंगड्याचं सांगितलं, खालच्या माळाचं सांगितलं, ओळींचं सांगितलं. सांगताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा होतोय हे तिला जाणवत होतं, सगळं नीट, क्रमानं, समजेल असं. लाज वाटत असतानाही ती शिकवत होती. ज्ञानू मान हलवत ऐकत होता. तिचं झालं तेव्हा तो हसला, दात नसलेल्या बाजूनं. "मॅडम," तो म्हणाला, "तुमी लई मोठ्या मनाच्या बगा. कोल्लापुरास्नं एवड्या लांब आलासा, गरिबाचं मन राखाय. पर असं आपल्या अंगावर घ्यायचं नसतंय. आवो, एका घोंगड्यात किती बी मावंल? आन् माझी मेंढरं किती सालं चरलीत वर? तुमी शिकल्यासवरल्या, चुकाल व्हय? चूक आमचीच. मी भैरीपुडं नारळ फोडून कवाच कबूल केलंय." "अहो पण खरंच..." ती म्हणाली. "आसू दे, आसू दे," तो म्हणाला, त्याच सुरात, ज्या सुरात तिनं त्याला दोन वर्षांपूर्वी आपल्या बैठकीच्या खोलीत म्हटलं होतं. आणि शांभवीनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखा एक मोकळा श्वास तिला आला, आणि तो आल्याचं कळताच ती इतकी शरमली की कानांच्या पाळ्या पेटल्या. सांगून तर झालं. न मानणारा मानत नाही, आपण काय करणार? जो ऐकणार नाही अशी खात्री होती, नेमकं त्याच्याकडेच ती सांगायला आली होती. समितीच्या अध्यक्षांचं घर राजारामपुरीतच होतं, आठव्या गल्लीत. चालत गेलं असतं तर पोहे गार व्हायच्या आत ती तिथं पोचली असती.

चहा झाला. ज्ञानू भोपळा तोडायला वेलात शिरला. नको नको म्हटलं तरी ऐकेना. शांभवी फाट्याकडे निघाली आणि थोडी पुढं गेल्यावर मागून पावलं वाजली. विठाबाई होती, पदर खोचून झपझप येत होती. जवळ येऊन तिनं श्वास घेतला आणि विचारलं, "मॅडम, आत म्हणालासा त्ये खरं?" शांभवीला वाटलं, आता नाही म्हणता येईल. अजूनही येईल. "हो," ती म्हणाली. विठाबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. रागानं नव्हे, बाजारात भांडं चिरलंय का बघतात तसं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलंच. खोटं बोलायला यवडा घाम येत न्हाय. आता आयका माझं. त्येंला परत सांगू नगासा. मेंढरं गेली त्या दिशी ह्यो गडी जेवला न्हाय. मग म्हणाला, आपलीच चूक हुती, आपण भोगली, फिटलं. त्या एका बोलावर उभा हाय त्यो. दुसऱ्याच्या चुकीनं गेली म्हटल्यावर न्हाय सोसायचं त्येला, मरंल." शांभवीच्या डोळ्यांत पाणी आलं. विठाबाईला ते आवडलं नाही. "रडू नगासा, त्यो येतोय. सांगायचंच तर तितं सांगा, त्या कमिटीत. सडा बंद ऱ्हायला तर उद्या वाडीतलं दुसरं कुणी मेंढरू पाळायचं न्हाय. तितं तुमचं आयकत्यात. हितं सांगून काय हुतंय? तुमचं हलकं हुतंय, आमचं जड हुतंय." "सांगते," शांभवी म्हणाली. "उद्याच जाते." विठाबाई गाडी येते का म्हणून रस्त्याकडे बघायला लागली.

वळणावर गाडी दिसली तेव्हा ज्ञानू भोपळा खांद्यावर घेऊन धापा टाकत पोचला होता. फाट्यावर गाड्या बऱ्याचदा थांबत नाहीत. विठाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली, ड्रायव्हरनं शिव्या घालत ब्रेक दाबला. रविवारची गाडी गच्च भरलेली, बाजार करून परतणारी माणसं, टोपल्या, कोंबड्या. ज्ञानूनं भोपळा खिडकीतून आत सरकवला. आणि विठाबाईनं नवऱ्याकडे एकदा बघितलं, मग साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात कंडक्टरला म्हणाली, "मास्तर, मॅडमास्नी म्होरं जागा द्या. लई उपकार हायत त्येंचे आमच्यावर." ज्ञानू हात जोडून हसत होता. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा ताबडतोब उठला, टोपी सावरत म्हणाला, "बसा बाई, बसा." सगळ्या गाडीनं आदरानं वळून बघितलं. आणि शांभवी बसली.